एसेक्स काउंटीचें न्यायदप्तर

आपल्याकडील जुना निवाडा शोधावयाचा म्हणजे प्रथम घर शोधावें लागतें. वतनाचा तंटा गोतापुढें तुटला, महजर झाला, हरलेल्यानें यजितपत्र लिहून दिलें, कीं तो कागद जिंकणाराच्या पेटींत जाऊन बसे. सरकारदप्तरीं हरकी व गुन्हेगारी यांच्या रकमा जमेस धरल्या जात. पेशवाईच्या काळांतील दप्तरांत निवाड्यांच्या नकलाहि बऱ्याच सांपडतात. तथापि मूळ अस्सल कागद पाहिजे असल्यास देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी यांच्या वाड्यांचे उंबरठे झिजविण्यावांचून गत्यंतर नाहीं, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. जेथें याच्या उलट रीत होती, म्हणजे निवाडा व त्याचा सारा पुरावा कोर्टाच्याच दप्तरीं राहावा असा कायदा आरंभापासून होता, तेथें त्या कागदांचें पुढें काय झालें, हें पाहणें म्हणूनच उद्बोधक आहे. यासाठीं उत्तर अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांताच्या एसेक्स काउंटीचें न्यायदप्तर प्रस्तुत लेखांत घेतलें आहे. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा कारभाराचा विभाग. विस्तारानें मात्र ही काउंटी आपल्याकडील एखाद्या मोठ्या तालुक्याएवढीच आहे.

येथें एक गोष्ट प्रथम ध्यानांत धरावी. एसेक्समध्यें कोर्ट आधीं झालें व काउंटी मागाहून झाली. वसाहतीच्या मुख्य सभेनें सन १६३६ त चार ठिकाणीं त्रैमासिक न्यायसभा भरविण्याचा ठराव केला. त्यांत सेलम व इप्स्विच हीं दोन गांवें होतीं. काउंटी या नांवाचे विभाग पडले ते सन १६४३ त. त्यामुळें पहिल्या सात वर्षांचे कागद 'काउंटीचे' म्हणून शोधूं गेल्यास हातीं लागत नाहींत, ते गांवच्या न्यायसभेच्या नांवानें शोधावे लागतात.

सन १६३९ त त्याच मुख्य सभेनें जो हुकूम काढला तो आमच्या मतें या सर्व दप्तराचा पाया होय. आजवर पुष्कळ निवाडे झाले, परंतु ते कोणत्या पुराव्यावर व कोणत्या कारणांनीं झाले याची नोंद राहिली नाहीं, असें त्या सभेच्या नजरेस आलें; म्हणून येथून पुढें प्रत्येक निवाडा त्याच्या सर्व पुराव्यासह पुस्तकांत उतरून पुढील पिढ्यांसाठीं जतन करावा, असें तिनें ठरविलें. निवाडा लिहून ठेवणारीं राज्यें पुष्कळ झालीं. पुरावाहि ठेवा, आणि तो पुढें येणाऱ्यांसाठीं ठेवा, असें सांगणारीं थोडीं. नुसत्या निवाड्यावरून कोण जिंकला एवढेंच कळतें. साक्षीदारांच्या जबान्यांवरून गांव कसा राहत होता तें कळतें.

यानंतर दोन वर्षांनीं, सन १६४१ त, 'बॉडी ऑफ लिबर्टीज' या नांवाचा हक्कांचा संग्रह वसाहतीनें स्वीकारला. त्याचा मुख्य कर्ता नॅथॅनिएल वॉर्ड. हा इप्स्विचचा धर्मोपदेशक, म्हणजे एसेक्सचाच रहिवासी, आणि विलायतेंत असतां यानें वकिलीचा अभ्यास केलेला होता. या संग्रहाच्या ४८ व्या कलमानें वसाहतींतील प्रत्येक रहिवाशास कोणत्याहि कोर्टाचीं वा कचेरीचीं दप्तरें शोधून पाहण्याची, आणि ठराविक फी भरून अधिकाऱ्याच्या सहीची तपासलेली नक्कल घेण्याची मोकळीक दिली. अपवाद एकच, मंत्रिमंडळाच्या दप्तराचा. आमच्या वाचकांपैकीं ज्यांनीं कोर्टांत नकलेचा अर्ज केला असेल त्यांस येथें सन १८७२ चा आपल्याकडील पुराव्याचा कायदा आठवेल. त्यानेंहि सार्वजनिक दस्तऐवजाची नक्कल फी घेऊन द्यावी असें सांगितलें. परंतु ती कोणास, तर ज्यास तो दस्तऐवज पाहण्याचा हक्क असेल त्यास. तो हक्क कोणास आहे व कोणास नाहीं याची वाटाघाट करतांकरतां पुष्कळांचे जोडे झिजले आहेत. 'प्रत्येक रहिवाशास' या दोन शब्दांनीं सन १६४१ त ती वाटाघाटच मिटविली होती.

आतां वाट कशी धरावी तें सांगतों. काउंटीचें जुनें दप्तर तीन ठिकाणीं विभागलें जाई. कोर्टाच्या क्लार्काकडे दिवाणी व फौजदारी खटल्यांचे कागद. प्रोबेटच्या कचेरींत मृत्युपत्रें, मृतांच्या मालमत्तेच्या याद्या व अज्ञानांच्या पालकत्वाचे कागद. आणि खरेदीखतांच्या कचेरींत जमिनीचे व्यवहार. एकाच कुटुंबाचा माग काढणारास तिन्ही दारें ठोठवावीं लागतात. सरहद्दीच्या भांडणाची फिर्याद एका कचेरींत, ज्या खतावरून भांडण उद्भवलें तें दुसरींत, आणि भांडणारा मेल्यावर त्याच्या घरीं किती भांडीं व किती गुरें निघालीं याची यादी तिसरींत, असा प्रकार असतो. कोर्टाच्या दप्तरांतहि दोन थर आहेत. न्यायसभेच्या बैठकींचें पुस्तक हा एक. त्यांत पक्षकारांचीं नांवें, दाव्याचा प्रकार व निकाल एवढेंच दोन ओळींत असतें. दुसरा थर सुट्या कागदांचा, म्हणजे समन्स, वॉरंटें, जबान्या, अर्ज व खर्चाचीं बिलें यांचा. प्रथम पुस्तकांत तारीख काढावी व मग त्या तारखेचे सुटे कागद मागावे, हा क्रम सोडल्यास दिवस फुकट जातो.

तारखेविषयीं विशेष सावधगिरी पाहिजे. इंग्रजी अमलांत सन १७५२ पर्यंत कायद्याचें वर्ष २५ मार्च रोजीं सुरू होई. शिवाय या वसाहतींतील लोक महिन्यांचीं नांवें टाळून आंकडे घालीत, व त्यांचा पहिला महिना मार्च. म्हणून २७ : ४ : १६३६ असें लिहिलेलें दिसल्यास तो एप्रिल नव्हे, जून होय, आणि १० : ११ : १६५० म्हणजे आपल्या आजच्या गणनेनें सन १६५१ चा जानेवारी. शुहूर सनाचा पालट मृगास होतो हें विसरून ज्यांनीं पत्रांचीं सालें एकेका वर्षानें चुकविलीं, त्यांच्या पंगतींत बसण्यास तिकडीलहि कांहीं ग्रंथकार योग्य आहेत.

सरहद्दीचाहि घोळ आहे. मेरिमॅक नदीच्या उत्तरेस नॉर्फोक नांवाची एक काउंटी सन १६४३ त झाली होती. न्यू हॅम्पशायर वेगळा प्रांत झाल्यावर ती मोडली, व सॉल्सबरी, हॅव्हरिल हीं तिचीं गांवें एसेक्सकडे आलीं. त्या मोडलेल्या काउंटीचें दप्तर सेलमला आलें. बोस्टनच्या दक्षिणेस आज जी नॉर्फोक काउंटी आहे ती सन १७९३ त निर्माण झालेली निराळीच. नांवाच्या सारखेपणावरून तिकडे जाणारास कांहींहि मिळावयाचें नाहीं. आतां तर एसेक्स काउंटीचा स्वतंत्र कारभारहि सन १९९९ त बंद होऊन तिचीं कामें प्रांताच्या सरकारकडे गेलीं. विभागाचें नांव मात्र कायम आहे.

साध्या दिवाणी व किरकोळ फौजदारी खटल्यांत जी सामुग्री आहे ती अपूर्व आहे. डुकरांनीं शेत तुडविलें, शेजारणीनें शेजारणीस अपशब्द बोलले, कोणी प्रार्थनेस गैरहजर राहिला, कोणी उसने घेतलेले पैसे फेडीना. सन १६५१ त वसाहतीनें पोषाखाविषयीं कायदा केला कीं, ज्याची मालमत्ता दोनशें पौंडांहून कमी आहे त्याच्या घरच्यांनीं रेशीम, सोन्यारुप्याची कलाबतू वगैरे वापरूं नये. या कायद्याखालीं एसेक्सच्या न्यायसभेपुढें रेशमी डोकेपट्ट्या घातलेल्या बायका उभ्या करण्यांत आल्या, आणि नवऱ्याची मालमत्ता दोनशें पौंडांची असल्याचें सिद्ध झाल्यावर त्या सुटल्या. कोणाच्या घरीं किती संपत्ति होती हें ठरविण्यास इतका निर्मळ पुरावा दुसरा कोणता मिळेल? नवऱ्याची श्रीमंती कोर्टांत सिद्ध करण्यास त्या बायकांस फारसें दुःख झालें असेल असें वाटत नाहीं.

या त्रैमासिक न्यायसभांचे कागद जॉर्ज फ्रान्सिस डौ यांनीं संपादून सेलमच्या एसेक्स इन्स्टिट्यूटतर्फे सन १९११ ते १९२१ या काळांत आठ खंडांत छापले; नववा खंड सन १९७५ त निघाला, व त्यानें सन १६८६ पर्यंत मजल गांठली. काम प्रचंड आहे व त्याबद्दल संशोधक त्यांचे ऋणी आहेत. परंतु डौ यांनीं जबान्या पुष्कळ ठिकाणीं जशाच्या तशा न देतां त्यांचा सारांश दिला आहे. सारांशांत कोण काय म्हणाला हें राहतें, कसें म्हणाला हें जातें. छापील खंड हा दप्तराची वाट दाखविणारा मार्गदर्शक मानावा. त्यालाच दप्तर मानूं नये. हाच नियम आपल्याकडील छापील वेंच्यांनाहि लावावा लागतो.

येथवर नेहमींच्या कागदांविषयीं झालें. एसेक्सचें नांव जगभर झालें तें मात्र सन १६९२ च्या चेटकाच्या खटल्यांमुळें, आणि या कागदांची कथा दप्तर जपणाऱ्या प्रत्येकानें ऐकावी अशी आहे. फेब्रुवारीच्या अखेरीस सेलमच्या खेड्यांत सेरा गुड, सेरा ऑस्बर्न व टिट्युबा या तिघींवर वॉरंटें निघालीं. मे महिन्यांत नवी सनद घेऊन आलेला गव्हर्नर फिप्स यानें या खटल्यांसाठीं एक खास न्यायालय नेमलें. १० जून रोजीं ब्रिजेट बिशप हिला फांशी झाली. २२ सप्टेंबरपर्यंत एकंदर एकोणीस जणांस फांशी दिलें, आणि जाइल्स कोरी हा आरोपास रीतसर उत्तर देईना म्हणून त्यास अंगावर वजनें रचून मारलें. ऑक्टोबरांत फिप्सनें तें न्यायालय बंद केलें. जानेवारी १६९३ पासून नव्या वरिष्ठ न्यायालयानें उरलेले खटले चालविले. त्यांत केवळ आकृति दिसल्याची साक्ष ग्राह्य धरली नाहीं, आणि बहुतेक सर्व आरोपी सुटले.

खास न्यायालयाचा क्लार्क स्टीफन स्यूअल हा सेलमचाच राहणारा, व न्यायाधीशांपैकीं सॅम्युएल स्यूअल याचा भाऊ. त्याच्याकडून कागद मागवून घेऊन कॉटन मॅदर यानें या खटल्यांचें समर्थन करणारें आपलें पुस्तक रचलें. म्हणजे खटले संपतात न संपतात तोंच कागद कोर्टाबाहेर फिरूं लागले होते. पुढील दोन शतकांत त्यांचे तुकडे झाले. पुष्कळसे सेलमच्या क्लार्काच्या कचेरींत राहिले. कांहीं मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीकडे, कांहीं बोस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयांत, कांहीं प्रांताच्या दप्तरखान्यांत, आणि कांहीं थेट न्यूयॉर्कच्या ग्रंथालयांत आहेत. न्यायाधीश व अधिकारी यांच्या घरीं राहिलेले कागद आणि संग्राहकांनीं मिळविलेले कागद या दोन वाटांनीं ही पांगापांग झाली. संग्राहकांस सर्वस्वीं दोष देणें अन्यायाचें होईल. त्यांच्या पेट्यांत पडले म्हणूनच कांहीं कागद वांचले. पण रुमालांतून एक कागद उचलून कांचेच्या चौकटींत बसविला कीं त्याचे सोबती तुटतात. तो कोणत्या कागदाच्या पाठोपाठ होता, कोणत्या आरोपीच्या गठ्ठ्यांत होता, हें सांगणारा दोराच तुटून जातो.

कागदाच्या पाठीवर काय आहे याचें महत्त्व या खटल्यांत फार आहे. जबानीच्या खालीं किंवा मागें 'ज्युराट इन क्युरिया' असे लॅटिन शब्द असल्यास ती साक्ष कोर्टांत शपथेवर झाली असें समजावें. नसल्यास ती नुसती लिहून ठेवलेली, कदाचित् कधींच पुढें न आलेली. हे शब्द पुष्कळदां दुसऱ्या हातानें व दुसऱ्या शाईनें लिहिलेले आहेत. आपल्या पत्रांवरील मोर्तबाचा शिक्का वगळून पत्र छापणें जसें, तसेंच हे शब्द वगळून जबानी छापणें. हस्ताक्षरांच्या तपासणीनेंहि मोठा उलगडा झाला. शंभराहून अधिक कागद एकट्या टॉमस पटनमच्या हातचे निघाले. याची मुलगी ॲन ही प्रमुख फिर्याद्यांपैकीं एक होती. निरनिराळ्या साक्षीदारांच्या जबान्यांत तेच ते शब्द कां येतात याचा खुलासा मूळ कागदावरून होतो, छापील पुस्तकावरून होत नाहीं.

याच जातीचें दुसरें उदाहरण एका लहान मुलीच्या नांवाचें. सेरा गुड हिची चारपांच वर्षांची मुलगी पकडण्याचें जें वॉरंट मार्च १६९२ त निघालें, त्यांत तिचें नांव डॉर्कस असें पडलें आहे. पुढील ग्रंथकारांनीं तें जसेंच्या तसें उचललें. इतर कागदांत तिचें नांव डॉरथी असें आहे. वॉरंट लिहिणाराचा हात चुकला. सन २००९ त बर्नर्ड रोझेन्थल व त्यांचे सहकारी यांनीं सर्व कागद पुन्हा मुळावरून वाचून कालक्रमानें प्रसिद्ध केले, तेव्हां हें नांव सुधारलें. तत्पूर्वीं सन १८६४ त वुडवर्ड यांनीं, व सन १९३८ त सरकारी मदतकामावर लावलेल्या नकलनविसांनीं या कागदांच्या नकला केल्या होत्या. त्या टंकलिखित नकलांवरून बॉयर व निसेनबॉम यांनीं सन १९७७ त तीन खंड काढले. नकलेची नक्कल झाली कीं चूकहि वारसाहक्कानें पुढें जाते.

या मुलीविषयीं दप्तरांत दोन कागद बोलके आहेत. एक बोस्टनच्या तुरुंगाधिकाऱ्याचें बिल. त्यांत सेरा गुड व सेरा ऑस्बर्न यांच्यासाठीं केलेल्या साखळ्यांचे १४ शिलिंग लावले आहेत, आणि सेरा गुडच्या मुलासाठीं दोन कांबळ्यांचे १० शिलिंग. हें मूल म्हणजे तिचें तान्हें बाळ. दुसरा कागद सन १७१० चा, तिचा नवरा विल्यम गुड याचा अर्ज. आपली चारपांच वर्षांची मुलगी सातआठ महिने अंधारकोठडींत साखळदंडांत होती, व त्यानंतर तिला स्वतःस सांभाळण्याइतकें भान राहिलें नाहीं, असें त्यानें लिहिलें आहे. त्यास ३० पौंड मिळाले. ज्या स्टीफन स्यूअलनें खटल्यांचे कागद लिहिले व राखले, त्याच्याच हातून नुकसानभरपाईच्या रकमांची वाटणी झाली. त्यामुळें एकाच माणसाच्या हाताखालून अपराधाचा व प्रायश्चित्ताचा असे दोन्ही हिशेब गेलेले दिसतात.

न्यायदप्तरांतील एखादें आडवळणाचें वाक्य किती उपयोगीं पडतें याचा दाखलाहि येथेंच मिळतो. फांशी नेमकी कोठें दिली याविषयीं सेलममध्यें फार दिवस वाद होता. टेकडीच्या माथ्यावर, असा लोकांचा समज. सन १९२१ त सिडनी पर्ली यांनीं माथा नव्हे, तर खालचा प्रॉक्टर्स लेज नांवाचा खडकाळ कांठ ती जागा होय असें प्रतिपादिलें. यास बळकटी आली ती रेबेका ईम्स या आरोपीच्या चौकशीच्या कागदावरून. १९ ऑगस्ट १६९२ या दिवशीं, म्हणजे जॉर्ज बरोज, जॉन प्रॉक्टर प्रभृति पांच जणांस फांशी झाली त्याच दिवशीं, तिला सेलमला आणलें होतें. फांशी पाहिली काय, असें न्यायाधीशांनीं विचारलें. टेकडीखालच्या घरांत आपण होतों व तेथून कांहीं लोक दिसले, असें तिनें उत्तर दिलें. तें घर बोस्टनच्या रस्त्यावर होतें. त्या घरावरून काय दिसूं शकतें व काय दिसूं शकत नाहीं याचा विचार करून सन २०१६ त संशोधकांनीं पर्ली यांचेंच म्हणणें खरें असें जाहीर केलें. ज्यानें तिची जबानी उतरून घेतली त्याच्या स्वप्नींहि हा उपयोग नसेल.

सेलमच्या कोर्टांतील या कागदांपैकीं मोठा भाग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जतनासाठीं एसेक्स इन्स्टिट्यूटकडे ठेवण्यांत आला. ही संस्था सन १८४८ ची. सन १९९२ त तिचें पीबडी म्यूझियमशीं एकीकरण झालें. त्या म्यूझियमचें मूळ सन १७९९ च्या ईस्ट इंडिया मरीन सोसायटींत आहे, व केप ऑफ गुड होप किंवा केप हॉर्न यांपलीकडे जहाज नेलेल्या सेलमच्या नाखव्यांची ती मंडळी होती. तेव्हां मुंबई बंदराचें नांव त्या गांवास अनोळखी नव्हतें. सन २०२३ त म्यूझियमनें पांचशेंहून अधिक कागद प्रांताच्या सर्वोच्च न्यायालयास परत केले, व ते बोस्टन येथील न्यायखात्याच्या दप्तरखान्यांत गेले. त्यांचीं छायाचित्रें संगणकावर कोणासहि पाहतां येतात. व्हर्जिनिया विद्यापीठांतील बेंजामिन रे यांनीं निरनिराळ्या संस्थांतील कागदांचीं छायाचित्रें एकत्र आणून तुटलेला दोरा बराचसा जोडला आहे. सेलमला जाऊन कोर्टाच्या दारांत चौकशी करणें आतां निष्फळ होय; अस्सल पाहावयाचें असेल त्यानें बोस्टनला लिहावें.

या दप्तराचा उपयोग केवळ पांडित्यापुरता नाहीं. सन १७११ त प्रांतिक सभेनें कायदा करून बावीस जणांवरील कलंक दूर केला व सुमारें ५७८ पौंड भरपाई मंजूर केली. कायद्यांत नांवें होतीं ती अर्ज आलेल्यांचींच मुख्यतः. ज्यांचे वारस पुढें आले नाहींत तीं नांवें राहून गेलीं. सन १९५७ त ॲन प्युडिएटर हिचें नांव घेऊन एक ठराव झाला. सन २००१ त ब्रिजेट बिशप धरून आणखी पांच जणींचीं नांवें घालण्यांत आलीं. तरीहि अँडोव्हरची एलिझाबेथ जॉन्सन राहिलीच. तिला जानेवारी १६९३ त दोषी ठरविलें होतें, फिप्सनें शिक्षा थांबविल्यामुळें ती जगली, आणि सन १७१२ त आपलें नांव यादींत नाहीं म्हणून तिनें स्वतः अर्ज केला. तो अर्ज दप्तरांत आहे. नॉर्थ अँडोव्हरच्या शाळेंतील आठवीच्या मुलांनीं आपल्या शिक्षिकेसह हे कागद वाचून खटपट केली, आणि जुलै १९२२ नव्हे, तर जुलै २०२२ त, तिच्या अर्जानंतर तीनशें दहा वर्षांनीं, तिचें नांव कायद्यानें निर्दोष झालें.

वॉरंटें, जबान्या, बिलें व अर्ज इतके उरले असतां, सन १६३९ च्या हुकुमानें जें सर्वांआधीं राखावयाचें तेंच उरलेलें नाहीं. जानेवारी १६९३ नंतरच्या वरिष्ठ न्यायालयाचें पुस्तक शाबूत आहे. परंतु ज्या खास न्यायालयानें फांशीच्या शिक्षा दिल्या, त्याच्या बैठकींचें पुस्तक नाहींसें झालें आहे, आणि त्याचें एकहि पान आजवर उजेडांत आलेलें नाहीं.